जी. एस. रोडवरचा कॅमेरा

जी. एस. रोड म्हणजे गुवाहाटी-शिलाँग रस्ता. पलटन बाजारातून निघतो, उलुबारी, भांगागड, ख्रिश्चन बस्ती, गणेशगुडी करत दिसपूरवरून खानापाड्याकडे जातो. शहरात नवा पैसा आला तो आधी याच रस्त्यावर दिसला: मॉल, शोरूम, खासगी दवाखाने, बार. ९ जुलै २०१२ला, सोमवारी रात्री, इथल्या एका बारमधून बाहेर पडलेल्या मुलीभोवती वीसेक पुरुषांचं कोंडाळं जमलं. तिला ओढलं, मारलं, तिच्या कपड्यांना हात घातला. रस्ता वाहता होता, दिवे चालू होते. प्रकार बराच वेळ चालला आणि पोलीस उशिरा आले.

हे सगळं तपशिलात माहीत आहे, कारण तिथं एक कॅमेरा होता. तो 'न्यूज लाइव्ह' या असमिया वृत्तवाहिनीचा होता.

पत्रकारितेच्या वर्गात हे प्रकरण निघालं की दहा मिनिटांत एकच प्रश्न उरतो: वार्ताहरानं कॅमेरा बाजूला ठेवून मुलीला वाचवायला हवं होतं का? हात वर होतात, आवाज चढतात, तास संपतो. मला हा प्रश्न कायम अपुरा वाटत आलाय. त्यात सगळा भार रस्त्यावरच्या एका पोराच्या खांद्यावर जातो आणि ऑफिसात बसलेले सगळे सुटतात. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश उलगडून पाहू.

आधी वाहिनीबद्दल. 'न्यूज लाइव्ह' सुरू झाली २००८मध्ये. मराठीत 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' २००७मध्ये आल्या, 'आयबीएन लोकमत' २००८मध्ये. म्हणजे चोवीस तास बातम्यांचं हे पर्व दोन्हीकडे जवळपास एकदमच उजाडलं. आसामात त्याआधी मातंग सिंह यांची 'एनई टीव्ही' होती. हे गृहस्थ नरसिंह राव यांच्या सरकारात राज्यमंत्री होते. पुढे 'डीवाय ३६५' आली, 'प्राग न्यूज' आली. प्रेक्षक तेच, जाहिरातदार तेच, शहरही एकच. गुवाहाटीत काही घडलं की सगळ्यांचे कॅमेरे एकाच चौकात, आणि पाच मिनिटं आधी कोण पोचलं यावर संध्याकाळची इभ्रत.

'न्यूज लाइव्ह' चालवणाऱ्या 'प्राइड ईस्ट एंटरटेनमेंट्स' या कंपनीच्या प्रमुख रिनिकी भुयां शर्मा. त्यांचे पती हिमंत बिस्व शर्मा तेव्हा तरुण गोगोई यांच्या काँग्रेस सरकारात आरोग्यमंत्री होते. २०१५मध्ये ते भाजपात गेले आणि मे २०२१मध्ये मुख्यमंत्री झाले. हा तपशील या प्रकरणात पुढे फार कामाला येतो, म्हणून इथंच सांगून ठेवतो.

आता ती रात्र. वाहिनीचा एक वार्ताहर, ड्यूटीवर नसलेला, तिथं होता. त्यानं ऑफिसातून कॅमेरा मागवला. चित्रीकरण झालं. मुलीच्या आणि जमावाच्या मध्ये शेवटी उभा राहिला तो वेगळाच माणूस: तिथून जाणारे एका असमिया दैनिकाचे संपादक. पोलीस येईपर्यंत त्यांनी तिला आडोसा दिला. माणूस पत्रकारच, फक्त हातात कॅमेरा नव्हता. वर्गातली मुलं या तपशिलावर खूश होतात, त्यांना त्यात उत्तर सापडल्यासारखं वाटतं. पण एखाद्या संपादकाच्या शब्दाला आणि वयाला जमाव जसा बिचकेल, तसा माइक घेतलेल्या तरुण पोराला बिचकेलच असं नाही. वाहिनीचे मुख्य संपादक अतनु भुयां यांनी बचावात हेच मांडलं होतं: मध्ये पडलो असतो तर जमाव आमच्यावर उलटला असता, चित्रण केलं म्हणून निदान गुन्हेगार ओळखता आले. यातला पहिला भाग मला पटतो. दुसऱ्या भागात गोम आहे, तिकडे येतोच.

दृश्यं वाहिनीवर गेली, तिथून यूट्यूबवर, आणि दोन-तीन दिवसांत दिल्लीच्या वाहिन्यांनी ती उचलली. मग देश पेटला. आसामच्या पोलीस महासंचालकांनी त्यात तेल ओतलं: पोलीस म्हणजे काही एटीएम मशीन नव्हे, की कार्ड घातलं आणि हजर, अशा अर्थाचं बोलून गेले. शहराच्या पोलीसप्रमुखांची बदली झाली. आरोपींचे चेहरे फलकांवर लागले. ते चेहरे अर्थातच त्या चित्रणातून काढलेले होते.

इथपर्यंत वाहिनी शाबासकीच्या बाजूला होती. मग अखिल गोगोई बोलले. कृषक मुक्ती संग्राम समितीचे हे नेते, माहिती अधिकारातून सरकारच्या नाकी नऊ आणणारे. पत्रकार परिषदेत चित्रण दाखवून त्यांनी आरोप केला की वार्ताहर नुसता बघ्या नव्हता, त्यानं जमावाला चिथावलं. एका रात्रीत बाजी उलटली. भुयां यांनी राजीनामा दिला. घटनेला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. वार्ताहरानं नोकरी सोडली आणि २० जुलैला त्याला अटक झाली.

पुढचं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण बहुतेकांची आठवण अटकेपाशीच थांबते. ७ डिसेंबर २०१२ला कामरूपच्या, म्हणजे गुवाहाटीच्या जिल्ह्याच्या, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी निकाल दिला. ११ जण दोषी ठरले, त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. वार्ताहर निर्दोष सुटला. म्हणून त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते शोधायला कुणाला दोन मिनिटं लागणार नाहीत, आणि शोधल्यावर सापडतील त्या बातम्या बहुतेक अटकेच्या असतील.

आता गोम. 'आमच्या चित्रणामुळे आरोपी सापडले' हे खरं आहे. पण या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात. एक म्हणजे चित्रण करणं, दुसरी म्हणजे ते दाखवणं. आरोपी ओळखायला चित्रण लागतं. ते पोलिसांच्या हाती देता येतं, कोर्टात देता येतं. त्यासाठी ते सगळ्या आसामच्या दिवाणखान्यात वाजवायची गरज नसते. पुरावा आणि बातमी हे दोन धंदे आहेत, आणि त्या रात्री ऑफिसात ते कुणी वेगळे केले नाहीत.

हे लिहिताना मला स्वतःलाच एक हरकत सुचते, आणि ती लहान नाही. चित्रण गुपचूप पोलिसांना दिलं असतं तर काय झालं असतं? जे पोलीस रस्त्यावर वेळेत पोचले नाहीत, त्यांच्या कपाटात ती टेप किती दिवस पडली असती? पाठपुराव्याला जोर आला तो दिल्लीच्या वाहिन्यांवर बोंब झाल्यावर. म्हणजे दाखवण्यानं काम झालं, हे मान्यच करावं लागतं. पण मग पुढचा प्रश्न: काय दाखवल्यानं झालं? जमावाचे चेहरे दाखवल्यानं. फलकांवर कुणाचे फोटो लागले? आरोपींचे. त्या मुलीचं एकही चित्र या कामासाठी लागत नव्हतं. मारणाऱ्यांच्या थिजवलेल्या फ्रेम, वेळ, ठिकाण, पोलीस किती उशिरा आले याचा हिशेब आणि निवेदकाच्या तोंडून सांगितलेली हकीकत, एवढ्यावर तेच बुलेटिन उभं राहिलं असतं. थरार कमी झाला असता, एवढंच. प्रामाणिकपणे सांगायचं तर 'एवढंच' हा शब्द डेस्कवर बसून लिहिणं फार अवघड असतं. समोरच्या भिंतीवर प्रतिस्पर्ध्यांचे चार टीव्ही चालू असतात.

मी काही वर्षं एका मराठी वाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे पडद्यावर काय जाणार ते ठरवणाऱ्या टेबलावर, काढली आहेत, त्यामुळे त्या खोलीचा अंदाज आहे. रात्रीची वेळ, सीनियर मंडळी घरी गेलेली, शिफ्टला एक प्रोड्युसर आणि एडिट बेवर एक एडिटर. रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं चित्रण, येतात. 'ब्लर कर आणि सोड,' एवढीच सूचना. चेहरा झाकला की कर्तव्य संपलं, असा एक समज आमच्याकडे पक्का होता.

हे ब्लर करणं जवळून पाहण्यासारखं आहे. बसून बोलणाऱ्या माणसाचा चेहरा झाकायला मिनिट लागत नाही. मोझेकची चौकट बसवली, झालं. पण गर्दीत कॅमेरा हलतोय, माणूस हलतंय, मध्येच कुणाचा हात आडवा येतोय. चौकट एकदा बसवून भागत नाही. थोड्या थोड्या फ्रेमनंतर ती सरकवावी लागते, मोठी-लहान करावी लागते. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एका मिनिटाच्या शॉटला १५०० फ्रेम झाल्या. एडिटर घाईत सात-आठ ठिकाणी चौकट ठोकतो आणि मधलं मशीनवर सोडतो. त्या १५०० पैकी पाच-सहा फ्रेममध्ये चौकट सरकून कान, हनुवटी, अर्धा चेहरा दिसतो. चालू टीव्हीवर ते जाणवतही नाही. पण क्लिप नेटवर गेली की कुणीतरी ती थांबवतंच. शिवाय चेहरा शंभर टक्के झाकला तरी कपडे उरतात, आवाज उरतो, कोणता बार, कोणती रात्र हे उरतं. शेजाऱ्याला एवढं पुष्कळ होतं. गुवाहाटी काही मुंबई नव्हे, तिथं दोन माणसांत ओळखीचं तिसरं निघतंच.

आणि ओळख उघड करण्यात वाहिन्याच होत्या असंही नाही. राष्ट्रीय महिला आयोगाची समिती गुवाहाटीला आली, त्यातल्या सदस्य अलका लांबा यांनी पत्रकारांसमोर मुलीचं नाव घेतलं. त्यांना समितीतून काढावं लागलं. मुख्यमंत्री तिला भेटले, तर त्यांच्या कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकातही तिचं नाव गेलं. ज्यांनी तिला आडोसा द्यायचा, ते एकेक करून पडदा बाजूला सारत होते. तिच्या वयाबद्दलही वेगवेगळे आकडे छापून आले, कुठं ती अल्पवयीन तर कुठं सज्ञान. डेस्कच्या दृष्टीनं हा तपशील कळीचा होता, पण आधी बातमी गेली आणि मग वयाची चर्चा झाली.

कळीचा का? इथं कायद्याकडे वळावं लागतं. भारतीय दंड संहितेचं कलम २२८अ पीडितेची ओळख उघड करायला बंदी घालत होतं, पण फक्त बलात्काराच्या कलमांमध्ये. विनयभंगाचं कलम ३५४ त्या यादीत नव्हतं. मुलगी अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायद्याचं संरक्षण, नसेल तर काही नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ला, म्हणजे घटनेनंतर चार महिन्यांनी. तेव्हा त्या रात्री डेस्कवरच्या कुणी विचारलं असतं, 'कायद्यानं बंदी आहे का?', तर वकिलाचं उत्तर 'वय कळल्याशिवाय सांगता येत नाही' असंच आलं असतं. सज्ञान मुलीच्या बाबतीत ही फट आजही पुरती बुजलेली नाही. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ची यादी बलात्कार आणि त्याला लागून असलेल्या गुन्ह्यांपुरतीच आहे. म्हणजे इथं वाहिनीचा स्वतःचा लेखी नियम हवा. कायदा उत्तर देत नाही.

नियम करायला वेळ मिळाला नव्हता, असं मात्र म्हणता येत नाही. २४ नोव्हेंबर २००७ला, याच शहरात, बेलतल्याला, अनुसूचित जमातीचा दर्जा मागणाऱ्या आदिवासींच्या मोर्चानंतर दंगल उसळली. त्यात चहामळ्याच्या समाजातल्या एका मुलीला भररस्त्यात विवस्त्र करून मारलं गेलं. तेव्हाही कॅमेरे होते. तिची छायाचित्रं छापून आली, फिरली, पुढे वर्षानुवर्षं वापरली गेली. आमच्या धंद्यात असा प्रसंग घडला की दुसऱ्या दिवशी मीटिंग होते, हळहळ होते, 'पुढच्या वेळी' म्हणून काही ठरतं, आणि ते कुणी लिहून ठेवत नाही. पाच वर्षांत तिथली अर्धी माणसं दुसऱ्या वाहिनीत गेलेली असतात.

आता मालकीचा मुद्दा. मला विचाराल तर प्रकरणाची खरी गाठ इथंच आहे.

अखिल गोगोईंनी आरोप केला तेव्हा वाहिनीनं काय करायला हवं होतं? मूळ चित्रण, न कापलेलं, कुणा तटस्थ माणसांपुढं ठेवायचं. वार्ताहराच्या फोनच्या वेळा द्यायच्या. ऑफिसला फोन कितीला, पोलिसांना कितीला. दोन आकड्यांत निम्मा वाद मिटतो. पण समजा हे सगळं केलं असतं, तर त्यावर विश्वास कुणी ठेवला असता? वाहिनी मंत्र्याच्या घरची. पोलीस त्याच सरकारचे. आरोप करणारा त्या सरकारचा कट्टर विरोधक. वाहिनीनं पोलिसांवर टीका केली तर लोक म्हणणार, हिमंत आणि मुख्यमंत्री तरुण गोगोई यांच्यातलं राजकारण आहे. नाही केली तर म्हणणार, सरकारला सांभाळतायत. वार्ताहराची अटकही कुणाला न्याय वाटली, कुणाला हिशेब चुकता केल्यासारखी. खरं-खोटं तपासायची पायरी आलीच नाही; जो तो आधी माणसं ओळखून मोकळा झाला. 'चॅनल कुणाचं?' हा प्रश्न मराठी प्रेक्षकही बातमी बघता बघता विचारतोच, पण आपल्याकडे निदान चॅनलं पुष्कळ आणि मालक वेगवेगळ्या गोटांतले. गुवाहाटीच्या छोट्या बाजारात हा प्रश्न बातमीच्या मानगुटीवरच बसतो.

याला एक जुनी पार्श्वभूमीही आहे. असमिया पत्रकारितेचा आरंभ शिवसागरच्या मिशनऱ्यांनी १८४६मध्ये काढलेल्या 'अरुणोदई'पासून धरतात. बातमीला असमियात 'बातरि' म्हणतात, आपल्या 'बातमी'शी किती जवळचा शब्द. या बातरिसाठी तिथं माणसं मेली आहेत. पराग कुमार दास १९९६मध्ये, अनिल मजुमदार २००९मध्ये, दोघेही संपादक, दोघांनाही गुवाहाटीत गोळ्या घातल्या. अशा ठिकाणी पत्रकार हा बघ्यांतला एक होता असं नुसतं वाटलं तरी लोक पेटतात. दिल्लीच्या स्टुडिओतली चर्चा माध्यमांच्या नीतिमत्तेवर होती. गुवाहाटीतल्या रागात मात्र फसवणूक झाल्याची भावना होती, असा माझा अंदाज.

जाता जाता आपल्याकडचं. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं कसाबची फाशी कायम केली, आणि त्याच निकालपत्रात २६/११च्या थेट प्रक्षेपणावरून वाहिन्यांना फैलावर घेतलं. मुद्दा वेगळा होता, तिथं जवानांच्या हालचाली पडद्यावर दिसत होत्या. पण मूळ सवय तीच: कॅमेऱ्यात आलं ना, मग हवेत सोडा. त्या वेळी आम्ही मुंबईत बसून गुवाहाटीच्या वाहिनीला नावं ठेवत होतो, हे आठवलं की आजही ओशाळायला होतं.

भुयां यांच्या राजीनाम्याचं मला काय वाटतं, तेही सांगतो. संपादकानं जबाबदारी घेणं चांगलंच. पण राजीनाम्यानं प्रकरण बंद होतं, आणि इथं ते बंद होणं सोयीचं ठरलं. रात्रीच्या शिफ्टला रशेस कुणी पाहिले, 'सोड' कुणी म्हटलं, किती वेळा वाजवलं, क्लिप यूट्यूबवर कशी गेली, यातलं काही चर्चेला आलं नाही. वरचा एक गेला, खालचा एक तुरुंगात गेला, मधली सगळी साखळी जागच्या जागी राहिली.

शिक्षेचंही एक सांगायचं राहिलं. ११ जणांना दोनच वर्षं का, असं लोक रागानं विचारत. कारण तेव्हा कलम ३५४ची कमाल शिक्षाच दोन वर्षं होती. निकाल ७ डिसेंबरचा. नऊ दिवसांनी, १६ डिसेंबरला, दिल्लीत निर्भया प्रकरणातली ती बस निघाली. २०१३च्या दुरुस्तीत ३५४ची शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आणि विवस्त्र करण्यासाठी ३५४ब हे वेगळं कलम आलं, तीन ते सात वर्षांचं. जी. एस. रोडच्या प्रकरणाला ते लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.

वर्गात हे प्रकरण घेतो तेव्हा हल्ली मी कॅमेरा ठेवावा की नाही यावर मत मागतच नाही. मुलांना कोरा कागद देतो आणि सांगतो, रात्रीचे दहा वाजलेत, तुमच्याकडे असे रशेस आलेत, पहिल्या दहा मिनिटांत कुणाला काय सांगाल ते क्रमानं लिहा. बहुतेक कागदांवर पहिली ओळ 'ब्रेकिंग' असते. एखाद्या कागदावर 'पोलिसांना फोन, वेळ लिहून ठेवणे' असं येतं. गेल्या वर्षी एका मुलीनं लिहिलं होतं, 'मूळ कार्ड कॉपी करून सीलबंद, सही घेऊन, लायब्ररीच्या कपाटात. एडिटरकडे फक्त आरोपींचे शॉट.' तिला विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणाली, बाबा कोर्टात कारकून आहेत सर, मुद्देमाल असाच ठेवतात.